चेसिस कापायची की खोलायची?

परभणीत मोटारसायकलची मागची सीट मालकाची नसते. कागदोपत्री असते, व्यवहारात नसते. तिच्यावर दवाखान्यात निघालेली आई बसते, शनिवार बाजारातून भरलेली पोतडी बसते, शिकवणीची पोरगी बसते, गंगाखेडला सासरी निघालेली बहीण दोन पिशव्या आणि एक लेकरू घेऊन बसते. जिंतूर रोडला एसटी चुकलेला एखादा अनोळखी माणूसही हात दाखवतो आणि बसतो; नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून विशीतला एखादा पोरगा गाडीचा मागचा भाग कापून तिथं वीतभर सीट बसवतो, तेव्हा घरात जो दंगा होतो तो फक्त पैसे उधळले म्हणून होत नाही. घरातली एक बसायची जागा गेलेली असते.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. नोकरी संपली, पण वेल्डिंगचा चष्मा काही सुटला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची दुकानं आता वसमत रोडला, पाथरी रोडला, सेलू-मानवतला आहेत आणि तिथं जाऊन बसणं हा माझा निवृत्तीतला उद्योग. पूर्वी या दुकानांत गेट, ग्रील, ट्रॉलीचा हुक, वखराची पास असली कामं यायची. अजूनही येतात. पण आता मधूनच एक पोरगा येतो, मोबाइल पुढं करतो आणि म्हणतो, "सर, असं करायचंय." फोटोत एक काळी गाडी असते, मागं मडगार्ड नाही, सपाट सीट, सीटच्या टोकाला छोटा उंचवटा, शेपटीला बोटभर लाल लाईट.

"कामून करायलास बाबा?"

"लुक येतो, सर."

या उत्तरावर हसणारे पुष्कळ आहेत. मी हसत नाही. आमच्या पिढीनं राजदूतच्या हँडलला झालरी लावल्या, मडफ्लॅपवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' लिहून घेतलं, टाकीला रेक्झिनचं कव्हर शिवलं. गाडी कंपनीची, पण थोडी आपली असावी, ही हौस काही आजची नाही. एका सीटची गाडीही आजची नाही. जुन्या बुलेटला मालकापुरती स्प्रिंगची सीट यायची आणि मागच्या माणसाची गादी मडगार्डवर वेगळी बसवावी लागायची. 'कॅफे रेसर' हा प्रकार इंग्लंडमधला, पन्नास-साठच्या दशकातला. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली उघडलेलं एस कॅफे त्या पोरांचा अड्डा होतं. गाडीवरचं जे जे काढता येईल ते काढून ती हलकी करायची आणि ताशी शंभर मैलांचा आकडा गाठायचा, हा त्यांचा नाद. अमेरिकेत मागचं मडगार्ड छाटून 'बॉबर' करायचे, तोही हलकेपणासाठीच. आपल्या गांधी पार्कात ताशी शंभर मैल सोडा, दुसरा गिअर टाकायलाही जागा मिळत नाही. पण हौसेला असले हिशेब लावायचे नसतात. मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या मराठमोळ्या नावानं गाड्या घडवून याच हौसेचा धंदा उभा केला, आणि त्यांच्या गाड्या पाहून मान डोलावणाऱ्यांत मीही आहे.

तेव्हा हौसेला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ग्राइंडरला.

स्प्लेंडर, जुनी आरएक्स, बुलेट, दीडशेची पल्सर या सगळ्या मागं दोन शॉकअप असलेल्या गाड्या. शॉकअपचं खालचं टोक मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला आणि वरचं टोक चेसिसच्या मागच्या नळीला. चाक खड्ड्यात आपटलं की तो दणका शॉकअपमधून वर चढतो आणि नेमका त्याच नळीत जातो, जी आमच्या पोराला 'फालतू लांब' वाटते. डावी-उजवी नळी मागं एकमेकींना बांधलेली असते. ते बांधणं आहे म्हणून एका बाजूला दणका बसला तरी नळ्या फाकत नाहीत, चाक सरळ राहतं. ग्राइंडरनं पहिला घाव बसतो तो याच बांधणीवर. मग तिथं यू आकारात वाकवलेला पाइप जोडतात. तो पाइप कसला, जाडी किती, कुठून आणला, हे गिऱ्हाईक विचारत नाही. त्याला वाकण गोल आलं की पुरतं.

मोनोशॉकच्या गाड्यांची गोष्ट निराळी. तिथं एकच शॉकअप, तो चेसिसच्या मधल्या मजबूत भागाला टेकलेला. मागचा सांगाडा सीट, माणसं, मडगार्ड आणि लाईट एवढंच वाहतो. रस्त्याचा सरळ दणका त्याच्यावर येत नाही. काही गाड्यांत तर हा सांगाडा मुळातच वेगळा करून बोल्टनं बसवलेला असतो. २०१७ साली आलेल्या नव्या ३९० ड्यूकला तो तसा आहे. बीएमडब्ल्यूनं २०१३ मध्ये 'आर नाइन टी' काढली तेव्हा तर मागच्या माणसाचा भाग मालकाला खोलून ठेवता यावा, अशीच चेसिस आखली होती. शनिवारी एकट्यानं फिरायचं तर काढा, सोमवारी कुणाला घ्यायचं तर लावा. त्या गाडीची किंमत आपल्या कामाची नाही, तिच्यातली अक्कल मात्र कामाची आहे.

खोलणं आणि कापणं यातला फरक दुकानात बसलेल्या प्रत्येकाला कळतो. कळत नाही तो कायद्याला. त्याच्याकडे येतोच, पण आधी वेल्डिंगचं बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

कापलेली चेसिस जोडलेल्या ठिकाणी तुटते असं लोकांना वाटतं. सहसा नाही. तुटते ती वेल्डच्या कडेला, जिथं नळी तापून लाल झाली आणि पुन्हा थंड झाली तिथं. तेवढ्या पट्टीत लोखंडाचा स्वभाव बदलतो. त्यात आमच्या काही बहाद्दरांना घाई इतकी की गरम सांध्यावर मग्गाभर पाणी ओततात. चर्र आवाज येतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि सांधा काचेसारखा ठिसूळ व्हायच्या वाटेला लागतो. चेसिसची नळी पातळ असते. तिला दहा नंबरचा रॉड लावून गेटला द्यावा तेवढा करंट दिला की भोक पडतं. मग भोकावर थेंब थेंब टाकून गोळा करायचा, ग्राइंडरनं गुळगुळीत करायचा, वरून पुट्टी, वरून काळा रंग. दिसायला सांधाच नाही! मी ट्रेडमध्ये पोरांना सांगायचो की वेल्ड दिसलाच पाहिजे. लपवलेल्या वेल्डवर माझा विश्वास नाही. रंगाखाली केसासारखी चीर पडते ती महिनोन् महिने कुणाला दिसत नाही.

नीट करायचं तर करता येतं. जोडायच्या दोन नळ्यांच्या आतून एक घट्ट बसणारा तुकडा सरकवायचा, बाहेरच्या नळीला भोकं पाडून तिथून तो आतल्या तुकड्याला पकडायचा, मग सांध्याभोवती फिरवायचं. आर्क मशीनऐवजी सीओटू किंवा आर्गन वापरायचं. गाडीच्या चेसिसला अर्थ लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची आणि इंजेक्शनची गाडी असेल तर तिच्या कंट्रोल युनिटचं सॉकेटही. नाहीतर लुक येतो आणि गाडी ढकलत घरी न्यावी लागते. सांधा आपोआप थंड होऊ द्यायचा. यातलं काहीच अवघड नाही. पण याला अर्धा दिवस जातो, आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

पाइपचं एक सांगतो. विहिरीवरच्या मोटारीचा उरलेला जीआय पाइप या कामाला सर्रास वापरला जातो, कारण तो प्रत्येकाच्या शेतात पडलेला असतो. त्याला जस्ताचा मुलामा असतो. तो न घासता वेल्ड केला तर जस्ताची वाफ होते, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि पांढरा धूर वेल्डरच्या छातीत जातो. रात्री थंडी वाजून ताप येतो. आमच्या पोरांना वाटतं मलेरिया झाला.

आता त्या वीतभर सीटवर मागं माणूस बसणार नाही, असं गाडीमालक शपथेवर सांगतो. "सिंगल सीट आहे सर, कोण बसतंय?" आणि फेब्रुवारीत तुरतपीर बाबांच्या उरुसाला तोच पोरगा मित्राला त्या उंचवट्यावर बसवून नेताना दिसतो. मित्राच्या पायाला फूटरेस्ट नाही, हाताला धरायला काही नाही, पाठीमागं मडगार्ड नाही. साठ किलोचा माणूस सांध्याच्या फूटभर मागं बसला की घराच्या भिंतीतून आधाराविना बाहेर काढलेल्या सज्ज्यावर धान्याचं पोतं ठेवावं तसं होतं. सगळा ताण भिंतीपाशी, म्हणजे आपल्या वेल्डपाशी. खड्डा आला की तेवढ्या क्षणापुरतं ते वजन वाढतं. आणि परभणी जिल्ह्यात खड्डा येतोच, त्यासाठी पावसाळ्याची वाट बघावी लागत नाही.

बाईमाणूस बसली तर आणखी वेगळं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम लोकांनी वाचलेला नसतो, पण पाहिलेला असतो. मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे आपलं साडीगार्ड. सीट बदलणारा पोरगा सगळ्यात आधी साडीगार्डच काढतो, कारण ते 'अंकल लुक' देतं. ओढणी किंवा पदर चाकात गेला तर काय होतं हे ज्या घरानं पाहिलंय त्या घराला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. मडगार्ड काढल्याचा हिशेब तर पहिल्या पावसातच होतो. आपली काळी माती चाकाला धरली की सोडत नाही, आणि मडगार्ड नसलं की ती पाठीवर, मानेवर, हेल्मेटवर जाते. हेल्मेट असलं तर.

कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवर कंपनीच्या मूळ तपशिलानुसार जे नोंदलंय त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर बसण्याची क्षमताही नोंदलेली असते आणि मोटारसायकलला ती सहसा दोन असते. म्हणजे सीट एकाची केली की गाडी आणि कागद जुळेनासे झाले. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघते.

कागदावर कडक. रस्त्यावर काय होतं ते सांगतो. नाक्यावर गाडी अडते ती सायलेन्सरसाठी, कारण तो ओरडतो. नाहीतर नंबरप्लेटसाठी, कारण ती चिमट्यावर आडवी लावलेली असते. चेसिस ओरडत नाही. सीट उचलून आत टॉर्च मारणारा मला आजवर भेटला नाही. त्यामुळं होतं असं की आवाज करणाऱ्या पण धड चेसिसच्या गाडीला दंड होतो आणि रंगाखाली चिरलेली गाडी सलाम ठोकून पुढं जाते.

आणि एक गोष्ट इथं स्पष्टच बोलायला हवी. पोरांची गाडी दिसली की 'मॉडिफाइड' म्हणून बोंब होते, पण पहाटे पूर्णेकडून, पोखर्णीकडून दुधाचे कॅन लटकवून येणारी गाडी कुणाला मॉडिफाइड वाटत नाही. तिच्या मागच्या नळीला दोन्ही बाजूंनी अँगलचा सांगाडा वेल्ड केलेला असतो आणि त्यावर भरलेले कॅन असतात. कॅफे रेसरवाल्या पोरानं ज्या नळीचं वजन कमी केलं, तिच्यावर दूधवाला कितीतरी जास्त लादतो. फवारणीचा पंप, खताच्या गोण्या, वैरणीचा भारा, सगळं त्याच नळीवर. आमच्या जिल्ह्यात मागची चेसिस बदलण्याची परंपरा शौकिनांनी नाही, शेतकऱ्यांनी सुरू केली. दुधाची गाडी पोटासाठी आहे म्हणून तिच्याकडे काणाडोळा करायचा आणि पोराची हौस आहे म्हणून तिला कलम लावायचं, हा न्याय मला पटत नाही. नळीला दोघांचंही कारण कळत नाही.

सगळ्यावर सरसकट बंदी घाला म्हणणारे आहेत. ती बंदी आहेच की! बंदीमुळं काम थांबलं नाही, ते फक्त दुकानाच्या मागच्या बाजूला, रात्री, अनुभवी हात नाही म्हणतो म्हणून शिकाऊ हाताकडे गेलं. माझे जुने विद्यार्थी, ज्यांना सांधा कसा करायचा ते माहीत आहे, ते कायद्याला भिऊन हे काम घेत नाहीत. ज्याला भीती नाही त्याला बहुधा वेल्डिंगही येत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीतच एक दार उघडं ठेवलंय. कलम ५२ मध्ये तेव्हा घातलेल्या तरतुदीनुसार गाडीत कोणते बदल चालतील, त्यांचे निकष काय, मंजुरी कशी, हे केंद्र सरकार नियमांनी ठरवू शकतं, आणि तसा मंजूर बदल केला म्हणून कंपनीची वॉरंटी रद्द होत नाही. दिव्यांगांसाठी स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवतात ती गाडी कायद्याला मान्य आहे. तिचाही मागचा भाग बदललेलाच असतो. कारच्या सीएनजी किटची चाचणी एकदा होते, ते किट अधिकृत ठिकाणी बसवतात, आरसीवर नोंद होते. मग मोटारसायकलच्या मागच्या सांगाड्यानं काय घोडं मारलं? २०१९ साली बाजारात आलेली जावा पेराक कंपनीतूनच एका सीटची आली, रीतसर पासिंग होऊन रस्त्यावर धावली. म्हणजे सरकारला एका सीटचं वावडं नाही. वावडं आहे ते कारखान्याबाहेर केलेल्या कामाचं.

माझं म्हणणं असं की बोल्टनं बसणाऱ्या मागच्या सांगाड्याला आणि सीटला मंजुरीची वाट करून द्या. किट बनवणाऱ्यानं ते पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत एकदा तपासून घ्यावं, कोणत्या मॉडेलला ते चालतं हे त्यावर कोरावं, टेल लाईट, लाल रिफ्लेक्टर, नंबरप्लेटची जागा त्यातच असावी. बसवायला ग्राइंडर लागता कामा नये, पाने पुरले पाहिजेत. चेसिसला कटर लावायला मात्र ठाम मनाई ठेवा आणि वार्षिक तपासणी नको असली तरी निदान गाडी दुसऱ्याच्या नावावर होताना सीट उचलून बघा. आज परभणीत जुनी गाडी घेणारा टाकीचा रंग बघतो, टायर बघतो, किक मारून आवाज ऐकतो. कापून जोडलेली चेसिस त्याच्या गळ्यात पडते आणि पोराची हौस दोन मालकांनंतर तिसऱ्याच कुणाच्या बायकोच्या जिवावर बेतते.

चाचणीचा खर्च किटच्या किमतीत येईल, किट महाग होईल, पोरं परत ग्राइंडरकडे वळतील, असा आक्षेप माझ्याच एका विद्यार्थ्यानं घेतला. आक्षेप खरा आहे. स्प्लेंडरवाल्याला हे परवडणार नाही, आणि दोन शॉकअपच्या गाड्यांना बोल्टचं किट देणं मुळातच अवघड, कारण तिथली नळी मुख्य चेसिसलाच जोडलेली असते. त्या गाड्यांपुरतं माझं उत्तर पोरांना आवडत नाही. नळी तशीच ठेवा, फक्त सीट बदला. खालची पत्र्याची पट्टी जुनीच, वर फोम हवा तसा तासून घ्या, रेक्झिन शिवून घ्या. स्टेशन रोडला सीट शिवणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला सफाई आहे. लांबी तेवढीच ठेवून पुढची बाजू खोल आणि मागची सपाट केली तरी फोटोतल्या गाडीच्या पुष्कळ जवळ जाता येतं. मडगार्ड कापू नका, काळं करा. साडीगार्डला रंग द्या. दहापैकी आठ भाग लुक येतो आणि चेसिसला ओरखडाही पडत नाही.

आयटीआयचंही एक काम आहे. वेल्डर हा वर्षभराचा ट्रेड. तिथं पोरांना सपाट पट्ट्या जोडायला शिकवतात, पाइपचे सांधे शिकवतात, परीक्षेला तेच येतं. पण बाहेर पडल्यावर त्यांच्यापुढं येते ती गाडीची नळी आणि घाईतलं गिऱ्हाईक. अपघातात मुडलेली चेसिस दुरुस्तीला येतेच, तिला कोण नाही म्हणणार? त्या पातळ नळीचा एक महिना अभ्यासक्रमात असता तर मला दुकानोदुकानी जाऊन पाण्याचे मग्गे हिसकावून घ्यावे लागले नसते.

ही सगळी मांडणी मी परवा वसमत रोडच्या दुकानात ऐकवली. मंजूर किट बसवलं की आरसीवर बैठक क्षमता दोनाची एक करून घ्यायची आणि मग मागं कुणी दिसलं तर सरळ दंड, असंही सांगितलं. ड्यूकवाला एक पोरगा डोकं खाजवत ऐकत होता.

"आन् सर, लग्न झाल्यावर?"

"मग चार बोल्ट खोल, जुना सांगाडा लाव आणि दोनाची पासिंग करून घे."

"जुना तर मी भंगारात घातलाव."

दुकानदार उठला आणि मागच्या ढिगाऱ्यात शोधायला गेला.